गिरणीच्या भिंतीला लागून

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकही माणूस नसतो. डाव्या हाताला एक लांबट पत्र्याची खोली, तिच्यापुढं शहाबादी फरशांची पडवी, आणि पडवीच्या खांबाला तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा. ती शाळेची घंटा. उजव्या हाताला, त्याच भिंतीला पाठ लावून, दुसरी खोली. तिच्या छपरातून एक काळं धुराडं वर आलेलं. मागच्या पडद्यावर गर्भगिरीचे उघडेबोडके डोंगर. वेळ सकाळी पावणेअकराची. पात्रं अजून विंगेत आहेत. त्यांच्या आधी प्रवेश करतो तो आवाज: टुक्, टुक्, टुक्, टुक्. भिमाजी गर्ज्यांची डिझेलवरची पिठाची गिरणी सुरू झाली. आता शाळा सुटेपर्यंत हा आवाज थांबायचा नाही, आणि ह्याच आवाजात सत्तेचाळीस पोरांनी शिकायचं.

साल एकोणीसशे शहाण्णव. जागा पाथर्डी तालुक्यातली, तिसगावहून तीन किलोमीटर आत, पिंपळदरा नावाची वस्ती. शाळेला स्वतःची इमारत नव्हती. भिमाजीनं आपल्या गिरणीचं जुनं गोदाम शाळेला फुकट वापरायला दिलेलं, त्यामुळं ‘गिरणी जरा बंद ठेवा’ असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. पहिली ते चौथी असे चार वर्ग एकाच खोलीत, चार दिशांना तोंडं करून बसलेले. आणि चारी वर्गांना मिळून शिक्षक एकच: केशरबाई श्रीमंत साळवे.

केशरबाई सत्तेचाळीस वर्षांच्या. गव्हाळ रंग, बारीक अंगलट, डोक्यावरून पदर नाही, हातात प्लॅस्टिकची जाळीदार पिशवी. पाथर्डीहून सकाळच्या एसटीनं तिसगावला उतरायचं आणि पुढं चालत यायचं, असं बारा वर्षं चाललेलं. त्यांच्या आधी वस्तीवर जे गुरुजी होते त्यांची बदली झाली तेव्हा दुसरा माणूस आलाच नव्हता. आठ महिने शाळेला कुलूप. त्या आठ महिन्यांत निम्मी पोरं शेळ्यांमागं गेली, ती परत आली नाहीत. हे केशरबाईंनी हजेरीपटावर पाहिलं होतं. नावांपुढं नुसते ठिपके, पानामागून पान.

अंगापिंडानं लहान असल्या तरी बाईंचा आवाज मात्र खणखणीत होता. माईक नसलेल्या काळात नाटकात उभी राहिली असती तर शेवटच्या ओळीतल्या माणसाला कान टवकारावे लागले नसते, असा तो आवाज. त्यांचे वडील छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन गावात परतले, गावकीची कामं सोडली आणि पुढच्या जूनमध्ये सात वर्षांच्या केशरला शाळेत घेऊन गेले. शाळेच्या दारात त्यांनी पोरीला एकच गोष्ट सांगितली होती, ‘तोंड उघडून बोलायला शीक.’ ते केशरबाई इतकं मनापासून शिकल्या की गिरणीच्या टुकटुकीच्या वर त्यांचा पाढा डोंगरापर्यंत जायचा. रंगुबाई नावाची म्हातारी तिथं शेळ्या राखायची. दळण आणायला आली की ती पडवीत डोकवायची.

“बाई, तुमच्या पाढ्यांनी माझ्या शेळ्या हुशार झाल्या बगा. तुमी बाराचा पाढा लावला की आपसूक वळत्यात.”

“मग त्यांनाही नाव घालू का पटावर?”

“घाला की. पर परीक्षेला मी न्हाई आनायची, साहेबाचा कागुद खात्याल.”

असं हसतखेळत चाललं होतं. पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर बाईंचा घसा बसला.

घसा बसणं हे मास्तरकीत कुणी आजारात धरत नाही. केंद्रातल्या बैठकीला दहा शिक्षक जमले तर त्यातल्या चौघांचा बसलेलाच असतो. तसाच बाईंनीही तो सोडून दिला. हळद-गुळाची गोळी झाली, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. आवाज महिनाभरानं थोडा यायचा, पुन्हा जायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आराम पडेल म्हणून त्या थांबल्या. सुट्टी संपली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, शाळेच्या मागं त्या चूळ भरायला गेल्या तेव्हा पाण्यात लाल धागा आला.

केशरबाईंनी तो चपलेच्या टाचेनं मातीत चोळून टाकला. इकडंतिकडं पाहिलं. बांधावर रंगुबाई शेळ्या घेऊन उभी होती, पण तिचं तोंड दुसरीकडं होतं. बाई पडवीत येऊन भिंतीला टेकून बसल्या. भीती अशी अंगावर धावून आली नाही. ती भिंतीपलीकडच्या इंजिनासारखी एका लयीत सुरू झाली, आणि त्या दिवसापासून बंद पडलीच नाही.

मरणाची भीती होतीच. पण आधी डोळ्यांपुढं आला तो हजेरीपट. ज्या बाईला बोलता येत नाही तिला कोण शिकवायला ठेवील? अपात्र म्हणून घरी बसवतील. आणि बाई घरी बसली की वस्तीवर पुन्हा कुलूप, पुन्हा ठिपके. त्यांनी ठरवलं की कुणाला कळू द्यायचं नाही. नवऱ्यालाही नाही. श्रीमंतराव पाथर्डीच्या एसटी आगारात मेकॅनिक होते, बरे, भोळे. इंजिनाचा आवाज बिघडला तर पन्नास पावलांवरून ओळखणारे. बायकोच्या आवाजाला मात्र ते म्हणायचे, “केशर, जरा कमी ओरडत जा पोरांवर.”

आता शिकवायचं कसं? चार वर्ग आहेत, शेजारी इंजीन आहे, आणि हाताशी आवाज नाही.

शाळेत एक लोखंडी पेटी होती. सरकारकडून आलेली. तिच्यात लोहचुंबक, भिंग, नकाशा, शिवाय एक ढोलकी, झांजा, घुंगरू आणि एक खंजिरी. त्या काळातल्या बहुतेक शाळांत ही पेटी कुलपात असायची. वस्तू वापरली तर फुटणार, फुटली तर नोंदवहीतून कमी कशी करायची, या धास्तीनं गुरुजी मंडळी पोरांना ती लांबूनसुद्धा दाखवत नसत. केशरबाईंनीही सात वर्षं तिची किल्ली गळ्यातल्या मण्यांबरोबर बांधून ठेवली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ती उघडली. पोरं गोळा झाली. पहिलीतला चेतन, ज्याचं नाक कधी कोरडं नसायचं, त्यानं विचारलं, “बाई, जत्रा हाय का?”

बाईंनी खंजिरी उचलली. एक थाप: पहिलीनं वर बघायचं. दोन थापा: दुसरीनं. अशा चार थापांपर्यंत. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज इंजिनाच्या आवाजात मिसळत नव्हता, वरून निघून जात होता. पोरांना तीन दिवसांत हे पाठ झालं.

पुढचं सगळं त्यांनी एकेक करत बसवलं, जसं एखादं नाटक संहिता नसताना बसवतात. फळ्याचे खडूनं चार भाग केले. सकाळी लवकर येऊन चारी वर्गांचं काम आधीच लिहून ठेवायचं. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर प्रश्न लिहिले. चौथीच्या मुलानं तो तुकडा दुसरीच्या मुलापुढं धरायचा आणि उत्तर पाटीवर घ्यायचं. अंगणात राखुंडीसारखी बारीक माती पसरली, पहिलीची पोरं तिच्यात बोटानं अक्षर गिरवू लागली. बाईंनी पायानं पुसलं की दुसरं. वजाबाकी चिंचोक्यांनी. आणि जिथं शब्दाशिवाय भागणारच नाही तिथं बाई पोरांसमोर उकिडव्या बसत, आपला चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणत आणि ओठ मोठे मोठे हलवून, आवाज न करता, शब्द दाखवत. ‘प’ला ओठ मिटून फुटले पाहिजेत. ‘थ’ला जीभ दातांत दिसली पाहिजे. पोरं टक लावून बघत आणि तसेच ओठ हलवत. पाढ्यांना खंजिरीचा ठेका. सत्तेचाळीस तोंडं एका तालात उघडायची, मिटायची.

ऑगस्टमध्ये एकदा भिमाजी पिठानं पांढरा झालेला तसाच दारात आला.

“बाई, म्हनलं पोरं घरी गेली का काय. भिंतीपलीकडनं काईच आवाज न्हाई.”

बाईंनी हातानं वर्ग दाखवला. चारी कोपऱ्यांत डोकी खाली, पेन्सिली चालू.

“आयला,” भिमाजी हळूच म्हणाला. “आमच्या वक्ताला गुर्जी दगूड मारायचे तरी आमी गप बसत नव्हतो.”

बाईंना ही शाबासकी वाटली. त्या संध्याकाळी तिसगावच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं. आणि लगेच वाईटही. बारा वर्षं आपण त्या इंजिनाशी ओरडून भांडलो. त्याची काही गरज नव्हती. हे आधी सुचलं असतं तर घसा राहिला असता का? घाटाकडून एसटी आली, त्या चढल्या.

दिवाळीनंतर तिसगावचा रस्ता चढताना बाईंच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. हे मात्र लपेना. श्रीमंतराव एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “हा आवाज कशाचा?” मग कान पुढं करून ऐकत राहिले, आगारात गाडी ऐकतात तसे. “आज शाळा नाही. नगरला चल.”

नगरच्या घशाच्या डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला, कापसाच्या फडक्यानं जीभ बाहेर ओढून धरली आणि लांब दांडीचा आरसा घशात घातला. “म्हणा, ई.”

बावीस वर्षं हजारो पोरांना ई शिकवलेल्या बाईंच्या तोंडून ई निघेना. डोळ्यांतून पाणी आलं, घशातून घरघर. “पुन्हा. ई.” नाही. डॉक्टरांनी आरसा काढला आणि ते हात धूत राहिले. हात धुवायला इतका वेळ लागत नाही, हे केशरबाईंच्या लक्षात आलं.

मग पुणं. तुकडा काढून तपासणं. रिपोर्ट. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या. “गाठ स्वरयंत्रात पसरली आहे. ते पूर्ण काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला इथं छिद्र राहील. जीव वाचण्याची शक्यता चांगली आहे.” त्या थांबल्या. “आवाज राहणार नाही.”

तारीख ठरली, फेब्रुवारीतला दुसरा सोमवार. उठताना डॉक्टरीणबाईंनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. “अजून थोडा आवाज आहे तुमचा. घरच्यांशी काही बोलायचं असेल तर बोलून घ्या.”

हे वाक्य मायेनं म्हटलेलं होतं, आणि केशरबाईंना त्याचीच सगळ्यांत जास्त भीती बसली. पाहुणा निघाला असताना गाडीच्या खिडकीशी उभं राहून काही सुचू नये, तसं झालं. काय बोलायचं? कुणाशी? जो शब्द तोंडातून जाईल तो परत येणार नाही. ‘मीठ दे’ म्हणण्यात एक शब्द संपला, ‘दार लाव’ म्हणण्यात एक. त्या घरीही गप्प झाल्या. श्रीमंतरावांनी टेपरेकॉर्डर काढला, कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबून तिच्यासमोर ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले, म्हणजे तिला संकोच नको. दहा मिनिटांनी आले. बाई तशाच बसलेल्या, रिळं फिरत होती. त्या कॅसेटवर आजही फक्त कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि एकदा कुणीतरी आवंढा गिळल्याचा आवाज.

“केशर, काहीतरी बोल की गं,” श्रीमंतराव म्हणाले. “नुसतं माझं नाव घे.”

केशरबाईंनी त्यांचा हात धरला. नाव लाजेनं कधी घेतलं नव्हतं, आता भीतीनं घेता येईना.

रजेचा अर्ज लिहून पिशवीत ठेवला होता, डॉक्टरांच्या कागदांसह. पण त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी शाळेची वार्षिक तपासणी होती. विस्तार अधिकारी पालवे साहेब येणार होते. बाईंनी ठरवलं की आधी तपासणी पार पडू दे. मुलं चांगली तयार आहेत. साहेबांनी चांगला शेरा लिहिला की मग अर्ज त्यांच्या हातात द्यायचा. म्हणजे निदान कुणाला म्हणता येणार नाही की मुकी बाई शिकवू शकत नाही. एका शेऱ्यावर त्यांनी सगळं टांगलं होतं.

गुरुवार उजाडला. पोरं तेल लावून, भांग पाडून आली. चेतनचं नाक त्या दिवशी कोरडं होतं. साडेअकराला पालवे साहेबांची एम-ऐंशी गाडी फाटकात शिरली. जाड भिंगाचा चष्मा, बगलेत फाइल, तोंडात सुपारी. तापट होते, पण दुष्ट नव्हते. त्यांच्यामागं दोन शाळा अजून तपासायच्या राहिल्या होत्या.

आणि साहेब पडवीची पायरी चढले तेव्हा पलीकडं भिमाजीनं, दर वर्षीच्या रिवाजाप्रमाणं, मोठ्या आदरानं, गिरणी बंद केली.

टुक्... टुक्... टुक्.

शांतता झाली. अशी शांतता त्या खोलीत शाळेच्या वेळात वर्षातून एकदाच व्हायची. केशरबाई हे विसरल्या होत्या. आठ महिने त्यांनी जे जे बसवलं ते त्या आवाजाच्या आत बसवलं होतं. त्याच्याशिवाय ते कसं दिसेल, हा विचारच त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

साहेबांनी चेतनपासून सुरुवात केली. “काय रे बाळ, नाव काय तुझं?”

चेतन उभा राहिला. छाती पुढं काढली, ओठ मोठे मोठे हलवले. नाव पूर्ण झालं. आवाज आला नाही.

“काय?”

चेतननं पुन्हा केलं. जास्त मोठे ओठ.

“घसा बसला का रे तुझा?” साहेब हसले आणि दुसरीकडं वळले. “तू सांग. सात सत्ते?”

दुसरीतल्या मुलीनं चार बोटं दाखवली, मग नऊ. ओठांनी म्हणाली, एकोणपन्नास. आवाज नाही. तिसरीला विचारलं, जिल्ह्याचं ठिकाण. ओठ हलले. चौथीला विचारलं. ओठ हलले. सत्तेचाळीस पोरं, सगळी उत्तरं बरोबर, आणि खोलीत हूं की चूं नाही.

केशरबाईंना आता कळलं. इतके महिने त्या पोरांचे ओठ वाचत होत्या. इंजिनाच्या गोंगाटात त्या ओठांमागं आवाज आहे की नाही, हे त्यांना ऐकूच आलं नव्हतं. तो आहे असंच त्या धरून चालल्या होत्या. भिमाजी दारात येऊन म्हणाला होता, भिंतीपलीकडनं काईच आवाज न्हाई. त्यालाच त्या शाबासकी समजल्या होत्या.

“बाई, हे काय नाटक चाललंय?” साहेबांचा चेहरा लाल झाला. “मुक्यांची शाळा काढली का तुम्ही? शेरा काय लिहू मी? एकही मूल तोंड उघडत नाही!”

बाईंनी पिशवीत हात घातला, डॉक्टरांचा कागद द्यायला. कागद निघेना. मग त्या पुढं झाल्या आणि चौथीतल्या वृषालीसमोर उकिडव्या बसल्या. वृषाली वर्गातली सगळ्यांत धीट. मागल्या वर्षापर्यंत मधल्या सुट्टीत ती ओरडली की डोंगरावरून उत्तर यायचं. बाईंनी ओठांनी विचारलं, ‘का? बोलत का नाहीस?’

वृषालीच्या डोळ्यांत पाणी भरलं. तिनंही ओठांनीच सांगितलं, सावकाश, बाईंनी शिकवलं होतं तसं. रंगुआजीनं शाळेमागं सांडलेलं रगत बगितलं. ती म्हनली, बाईंचा घसा आतनं फाटलाय. पोरं वरडली की बाई वरडनार, आन् बाई वरडल्या की मरनार. म्हून आमी समद्यांनी मिळून ठरवलंय. साळंत आवाज करायचाच न्हाई.

“काय म्हणतेय ती?” साहेब ओरडले. “मला ऐकू येईल असं बोला कुणीतरी!”

सत्तेचाळीस चेहरे बाईंकडं लागलेले. त्यांत भीती होती. साहेबाची नव्हे. इतके महिने जी भीती आपण एकटीनं गिळली असं केशरबाई समजत होत्या, ती ह्या पोरांनी वाटून घेतली होती. कुणी भाग पाडलं नव्हतं, तरी पहिलीच्या पोरानंसुद्धा आपला हिस्सा उचलला होता. आणि उद्या दुसरे गुरुजी आले, तरी ही पोरं अशीच गप्प बसतील. आपला गळा जाणार तो जाईलच. जाताना सत्तेचाळीस गळे बरोबर घेऊन जाईल. त्यांना बापानं नेलेल्या त्या शाळेचं दार आठवलं, त्याचा खरबरीत हात आठवला.

पुढचं सगळं आधी सांगून टाकलेलं बरं, कारण त्या क्षणानंतर ह्या गोष्टीत बोलण्यासारखं थोडंच उरतं.

पालवे साहेबांनी त्या दिवशी डॉक्टरांचा कागद वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. दोन शाळा तपासायच्या राहिल्या त्या राहिल्याच. त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ‘मुले बिनचूक व मोठ्याने सांगतात.’ खाली सही, शिक्का. रजेच्या काळात तिसगावच्या शाळेतला एक गुरुजी आठवड्यातून चार दिवस वस्तीवर पाठवला. कुलूप लागलं नाही. ऑपरेशन सात तास चाललं आणि बाई वाचल्या. त्यानंतर नोकरीसाठी त्यांना वैद्यकीय मंडळापुढं दोनदा उभं राहावं लागलं. दुसऱ्या वेळी पाटी-खडू आणि खंजिरी घेऊनच गेल्या. पुढं दहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्यांनी त्याच गोदामात शिकवलं, गळ्यावर पांढरं मलमली फडकं बांधून. बाई ओठ हलवायच्या आणि पोरं मोठ्यानं म्हणायची. रंगुबाई शेवटपर्यंत सांगत असे की शेळ्या पुन्हा वळायला लागल्या. वृषालीनं पुढं काय केलं, चेतनचं नाक कधी सुधारलं, ते ज्यानं त्यानं विचारावं. श्रीमंतराव ती कॅसेट अधूनमधून लावतात. कुकरच्या शिट्ट्या ऐकतात आणि बंद करतात.

पण श्रीमंतरावांना हवा असलेला तो आवाज त्या गुरुवारी वापरून संपला. त्यानंतर सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावर झोपेपर्यंत बाईंच्या घशातून एकही शब्द फुटला नाही. भूल देणाऱ्यानं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी तळहातावर बोटानं लिहून दाखवलं.

तर तो क्षण. बंद गिरणी. लाल चेहऱ्याचे साहेब. डोळ्यांत पाणी घेऊन उभी वृषाली. केशरबाई जन्मात घाबरल्या नव्हत्या इतक्या घाबरलेल्या होत्या, आणि ते पोरांना दिसू नये म्हणून त्यांनी फळ्याची कड घट्ट धरली होती. त्यांनी खंजिरी उचलली आणि एकामागून एक चार थापा दिल्या, म्हणजे चारी वर्गांनी वर बघायचं. मग इतके दिवस जपलेलं होतं नव्हतं ते सगळं एका श्वासात गोळा करून, फाटक्या पण भिंतीपलीकडं भिमाजीलासुद्धा ऐकू गेलेल्या आवाजात त्या म्हणाल्या:

“मोठ्यानं म्हणा रे. मला काही होत नाही.”